मागच्या आसातील पोलादी कडे

निंबर्गा हे गाव आळंद तालुक्यातले. आजच्या कलबुर्गी, म्हणजे पूर्वीच्या गुलबर्गा जिल्ह्यात ते मोडते. मुंबईकडून निघालेला लोहमार्ग १८७१ साली गुलबर्ग्यावरून रायचूरपर्यंत पोहोचला, परंतु निंबर्ग्याच्या वाट्याला स्टेशन आले नाही. सोलापूरची पेठ असो, गाणगापूरचे दत्तदर्शन असो किंवा आळंदचा उरूस असो, येथील माणसाने घराबाहेर पडावयाचे ते रस्त्यानेच. आधी बैलगाडीने, पुढे मोटारीने. या दोन वाहनांतील फरक आपण इंजिनात शोधतो. तितकाच मोठा फरक मागच्या आसात आहे, आणि त्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

बैलगाडीचा आस स्थिर असतो व त्याच्या दोन टोकांवर चाके मोकळी फिरतात. वळणावर बाहेरचे चाक अधिक फिरते, आतले कमी. गाडीवानाला त्याची खबरही नसते. कुरकुर वाढली की वंगण संपले असे समजावे, एवढेच त्या गाडीचे यंत्रशास्त्र. परंतु बैलाऐवजी यंत्राने चाक फिरवावयाचे ठरले आणि अडचण उभी राहिली. दोन्ही चाके एकाच फिरत्या दांड्याला जखडली, तर ती सारखीच फिरणार. समजा, दोन चाकांत १.८ मीटर अंतर असलेली मोटार काटकोनात वळली. बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा सुमारे २.८ मीटर अधिक चालावे लागते. वळण लहान असो वा मोठे, हा हिशेब बदलत नाही. मग एका चाकाने रस्त्यावर घासत जावे, नाही तर दांड्याने पीळ सोसावा.

या कोड्याचे उत्तर ओनेसिफोर पेक्योर या फ्रेंच यंत्रकाराने शोधले आणि १८२८ साली वाफेच्या गाडीसाठी त्याचे पेटंट घेतले. पेट्रोलची मोटार तेव्हा अजून जन्मास यावयाची होती. त्याच तत्त्वावरील यंत्राला आज खेड्यातला मिस्त्रीही डिफरन्शिअल म्हणतो. इंजिनाकडून आलेल्या दांड्याच्या टोकाशी पिनियन नावाचे लहान दातेरी चक्र असते. ते क्राऊन या मोठ्या चक्राला फिरविते. क्राऊनबरोबर फिरणाऱ्या पेटीत छोट्या चक्रांची अशी जुळणी असते की, जोर दोन्ही चाकांना मिळतो आणि वेग मात्र ज्याचा त्याला. या सोयीचा एक तोटा काळ्या मातीतील शेतकऱ्यास चांगला ठाऊक आहे. पावसात एक चाक चिखलात रुतले, तर तेच गरगर फिरत राहते आणि कोरड्या जागेवरील दुसरे स्वस्थ उभे राहते. म्हणून ट्रॅक्टरला हे यंत्र तेवढ्यापुरते जखडून ठेवण्याची कळ दिलेली असते.

चक्रांना जागच्या जागी धरून ठेवणारी जी पोलादी कडी असतात, ती म्हणजे बेअरिंगे. त्यांचा इतिहास मोटारीहूनही जुना आहे. वेल्समधील कारमार्थेन येथील लोखंडाचा कारखानदार फिलिप व्हॉन याने १७९४ साली घोडागाडीच्या आसात गोळ्या बसविण्याचे पेटंट घेतले होते. कल्पना चांगली, पण सगळ्या गोळ्या तंतोतंत सारख्या घडविणार कोण? एक गोळी किंचित मोठी निघाली, तर सारा भार तिच्यावरच येऊन पडणार. जर्मनीत श्वाइनफुर्ट गावी फ्रीडरिख फिशर याने १८८३ साली गोळ्या घासून एकसारख्या करणारे यंत्र सिद्ध केले, तेव्हा कोठे तो धंदा उभा राहिला. तरीही पिनियनचे भागत नव्हते. त्याचे दात क्राऊनला ढकलतात आणि स्वतःही मागे रेटले जातात. म्हणजे भार वरून आणि बाजूने असा दुहेरी. सेंट लुईस शहरातील घोडागाड्या बांधणारा कारखानदार हेन्री टिमकेन याने १८९८ साली निमुळत्या रोलरांच्या बेअरिंगचे पेटंट मिळविले, आणि हे दोन्ही भार एकाच कड्याने पेलणे शक्य झाले. मोटारीच्या मागच्या आसाला हवे होते ते घोडागाडीच्या कारखानदाराकडून मिळावे, हा योगायोग लक्षात ठेवण्यासारखा आहे.

हैदराबाद संस्थानात निजामाच्या रेल्वेने १९३२ च्या जूनमध्ये आपले मोटार वाहतूक खाते सुरू केले. सुरुवातीस २७ गाड्या होत्या आणि १६६ नोकर. भारतातील सरकारी प्रवासी मोटारसेवांपैकी ही अगदी आरंभीची. गाड्या ग्लासगोच्या अ‍ॅल्बियन कारखान्यातल्या. गाडी परदेशी, तशीच तिच्या आसातील कडीही परदेशी, कारण हिंदुस्थानात बेअरिंगचा कारखाना तेव्हा नव्हता. एक कडे झिजले की त्याची वाट समुद्रापलीकडून पाहावयाची. दुसऱ्या महायुद्धाने या परावलंबनाची किंमत साऱ्या जगाला दाखविली. जर्मनीची बेअरिंगे मुख्यतः ज्या श्वाइनफुर्टमध्ये होत, त्या गावावर अमेरिकन विमानांनी १७ ऑगस्ट आणि १४ ऑक्टोबर १९४३ रोजी हल्ले चढविले. पहिल्या दिवशीच्या मोहिमेत, ज्यात रेगेन्सबुर्गवरील हल्लाही होता, ६० बॉम्बफेकी विमाने पडली. दुसऱ्या दिवशीही ६० पडली. तळहातावर मावणाऱ्या कड्यांसाठी एवढी माणसे मृत्यूच्या तोंडी दिली गेली.

आपल्याकडे जयपूरच्या कारखान्याची स्थापना १९४६ साली झाली आणि १९५० मध्ये तेथे देशातील पहिले बेअरिंग तयार झाले. पुण्याजवळ चिंचवड येथील कारखाना पुढच्या दशकातला. दरम्यान जमशेदपूरला १९५४ पासून टाटा-मर्सिडीजचे ट्रक बनू लागले होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याची वाटणी झाली, तेव्हा त्या जुन्या खात्याचाही कारभार तीन राज्यांत विभागला गेला. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, गुलबर्गा, बीदर व रायचूर म्हैसूर राज्यात. निंबर्ग्याच्या रस्त्यावरील गाडीची पाटी बदलली. २००० साली कलबुर्गीत स्वतंत्र महामंडळ आले आणि २०२१ मध्ये त्याला कल्याण कर्नाटक हे नाव मिळाले, तेव्हा ती पुन्हा बदलली. आसातील झीज मात्र कोणत्याही सरकारची वाट पाहत नाही.

ओढ्याच्या पाण्यातून जाताना तापलेले हाउसिंग एकदम निवते, आतील हवा आकसते आणि झिजलेल्या सीलमधून पाणी व मातीचा गाळ आत ओढला जातो. तेल दुधासारखे पांढुरके होते. मग रोलरांवर ओरखडे उठतात, पिनियन केसभर हलू लागते आणि गाडी गुणगुणू लागते. प्रवासी तिकडे दुर्लक्ष करतात. जाणता चालक करीत नाही.

बेअरिंग बदलणे म्हणजे जुने काढून नवे ठोकणे, ही समजूत अनेक ठिकाणी आढळते. तीच गाडीचा घात करते. तेल काढावे, दोन्ही बाजूंचे दांडे ओढून घ्यावेत, जड यंत्र सांभाळून खाली उतरवावे, येथपर्यंतचे काम बळाचे. पुढचे मापाचे. बेअरिंग दाबून धरणाऱ्या टोप्या उघडण्यापूर्वी डावी-उजवी अशा खुणा कराव्या लागतात, कारण त्यांची भोके टोप्या बसवूनच कोरलेली असतात व अदलाबदल चालत नाही. आतले व बाहेरचे कडे जोडीनेच बदलावयाचे; झिजलेल्या कड्यात नवे रोलर फार दिवस टिकत नाहीत. नव्या बेअरिंगची जाडी जुन्याइतकीच असेल असे मानता येत नाही, म्हणून पातळ पत्र्याच्या चकत्या, ज्यांना शिम म्हणतात, घालून किंवा काढून पिनियनची खोली ठरवावी लागते. क्राऊन-पिनियनच्या दातांत मोकळीक ठेवावयाची ती बहुधा मिलिमीटरच्या एक ते तीन दशांश, आणि बेअरिंग सैल नको तसेच अति आवळलेलेही नको. दातांना रंग लावून चक्र फिरविले की ठसा कोठे उमटतो ते दिसते. ठसा दाताच्या टोकाकडे किंवा मुळाकडे सरकला असेल, तर शिम बदलून पुन्हा पहिल्यापासून आरंभ. एवढी खटपट चुकविणारा मिस्त्री दोन तास वाचवितो आणि क्राऊन गमावतो. क्राऊन आणि पिनियन जोडीने घडविलेले असल्यामुळे एक गेले की दुसरेही जाते.

काम झाल्यावर फिटर चालकाशेजारी बसून काही अंतर जाऊन येतो. आवाज पाय दाबलेला असताना येतो की पाय उचलल्यावर, यावरून दातांच्या कोणत्या बाजूवर भार चुकीचा पडतो आहे, हे तो ओळखतो. परतल्यावर तो हाउसिंगला हात लावून पाहतो. पिनियनपाशी हात टेकवेनासा झाला असेल, तर बेअरिंग जास्त आवळले गेले आहे. गाडी पुन्हा ठोकळ्यांवर चढते आणि तेल पुन्हा काढले जाते.