सामता, गिरमिट आणि बॅटरीचं ड्रिल

आजचा भाग भोकाबद्दल आहे. हसू नका, विषय घरातलाच आहे.

दोन महिन्यांपूर्वी उमरखेडच्या घरी आमची आई न्हाणीघरात पाय घसरून पडली. थोडक्यात निभावलं, पण भिंतीला धरायला दांडा बसवायचा हे ठरलं. स्टीलचा दांडा बाजारात अर्ध्या तासात मिळाला. तो बसवायला चार भोकं पाडायची होती, आणि चार भोकांसाठी माणूस मिळेना! लाइटवाला म्हणाला, उद्या येतो. नळवाला म्हणाला, आणखी काही काम काढा, मग एकदमच येतो. आठ दिवस असेच गेले. शेवटी दोन-अडीच हजारांचं, बारा व्होल्टचं, बॅटरीवर चालणारं ड्रिल मीच विकत आणलं. तेव्हा डोक्यात आलं, आजोबांच्या काळात हे काम कोण करत असेल?

उत्तर असं की भिंतीला भोक पाडायची वेळच फारशी येत नसे. जुन्या मातीच्या घरात खुंट्या, कोनाडे, दिवा ठेवायची देवळी हे सगळं भिंत उभी राहतानाच ठरायचं. कंदील कुठे टांगायचा हे घर बांधतानाच माहीत असायचं. नंतर तिथे काही ठोकायला गेलं की ढेपळा निघायचा. भोकं पडायची ती लाकडात, आणि लाकूड वाढयाचं. यवतमाळ जिल्ह्यात साग मुबलक, त्यामुळे चौकट, दार, तुळई सगळं सागाचं. वाढई म्हणजे सुतार हा बलुतेदार. त्याला रोख मजुरी नसे, सुगीला धान्य मिळे. म्हणजे बारीकसारीक कामासाठीही तो यायचा. हे ऐकून हळवं व्हायची गरज नाही. नाही म्हणायची सोय त्याला जातीनं ठेवलीच नव्हती, हा त्या व्यवस्थेचा दुसरा भाग.

त्याचं भोक पाडायचं हत्यार म्हणजे सामता. लाकडी दांडा, टोकाला लोखंडी पातं, दांड्याभोवती दोरी. दोरी मागेपुढे ओढली की दांडा गरगरतो. ही युक्ती किती जुनी? मेहरगढला, आजच्या बलुचिस्तानात, साडेसात ते नऊ हजार वर्षांपूर्वीच्या माणसांच्या दाढांना गारगोटीच्या टोकानं पाडलेली भोकं सापडली आहेत. जिवंत माणसांच्या दाढांना, बरं का! सिंधू संस्कृतीतले कारागीर लांबलचक कार्नेलियन मण्यांना आरपार भोक पाडत. अभ्यासकांनी तसं करून पाहिलं तेव्हा तासाला जेमतेम दोन-अडीच मिलिमीटर काम सरकलं.

सामत्याची अडचण एकच. तो एकदा उजवीकडे फिरतो, एकदा डावीकडे. त्यामुळे पातं खरवडतं, कापत आत शिरत नाही. गिरमिट आलं आणि फिरणं एकाच दिशेनं झालं. गिरमिट हा शब्द आपण इंग्रजी गिमलेटवरून घेतला आणि इतका आपलासा केला की डोकं खाणारा माणूसही गिरमिट लावतो. आज ड्रिलमध्ये बसवतो ते पीळदार टोक अमेरिकेत स्टीफन मोर्सनं 1863 मध्ये पेटंट केलं.

विजेचं ड्रिल 1889 मध्ये ऑस्ट्रेलियात, मेलबर्नला आर्नट आणि ब्रेन या दोघांनी पेटंट केलं. हातात धरता येईल असं 1895 मध्ये जर्मनीत फाइन यांच्या कारखान्यात निघालं. पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाखाली घोडा, हे रूप ब्लॅक अँड डेकरच्या 1917 च्या पेटंटमधलं. गिऱ्हाईक मात्र कारखानेच. दुसऱ्या महायुद्धात कामगार ड्रिल गुपचूप घरी नेतात हे कंपनीच्या ध्यानात आलं, आणि 1946 मध्ये तिनं घरगुती ड्रिल काढलं. एका परीनं ही बाजारपेठ चोरट्यांनी दाखवून दिली.

बॅटरीचं ड्रिल 1961 चं. ते चंद्रासाठी शोधलं हे ऐकीव आहे. बाजारात ते आधी आलं, चंद्रावर बॅटरीचं ड्रिल नंतर गेलं. 1971 मध्ये अपोलो 15 वर डेव्हिड स्कॉटनं चंद्राच्या जमिनीत नळी घातली. ती अशी रुतून बसली की दोघांनी जोर लावून उपसावी लागली. आपल्याकडे बॅटरीचं मोल वेगळ्या कारणानं कळलं. 2005 च्या आसपासचं भारनियमन आठवा. मिस्त्री दारात आणि लाइट गेलेली! तेव्हाच्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्या जड होत्या. लिथियम-आयन 1991 मध्ये बाजारात आली, कॅमेऱ्यात आणि फोनमध्ये. ती स्वस्त झाली तेव्हा ड्रिल आपल्या खिशाच्या आवाक्यात आलं.

आता न्हाणीघरात येऊ. टाइलवर चिकटपट्टी लावली, हॅमर बंद ठेवून हळू सुरुवात केली. टाइल पार झाल्यावर हॅमर चालू. विटेत टोक लोण्यासारखं गेलं. भोकात रावळ प्लग ठोकले. हे नाव रॉलिंग्ज या इंग्रज कंत्राटदाराचं. त्याचा 1911 सालचा मूळ प्लग तागाच्या धाग्याचा होता, नायलॉनचा 1958 मध्ये आर्तुर फिशरनं काढला. त्याआधी भिंतीत लाकडी ठोकळा ठोकून त्यात खिळा मारत. स्क्रू पिळताना ड्रिलच्या गळ्याशी असलेली आकड्यांची रिंग कमी आकड्यावर ठेवा, नाहीतर स्क्रूचं डोकं जातं. माझं एकाचं गेलं.

तीन भोकं झाली. चौथं पिलरवर आलं. पाच मिनिटं दाबलं, टोक लाल, बॅटरी संपली, भोक नखाएवढं. आई दारातून म्हणाली, "काहून जीव काढतं त्या बिचाऱ्याचा?" कारण साधं आहे. स्वस्त ड्रिलमधला हॅमर म्हणजे एकमेकींवर घासणाऱ्या दोन दातेरी चकत्या, नुसती थरथर. आपण जेवढं दाबू तेवढाच तो ठोकणार. बांधकामावरच्या मशीनमध्ये पिस्टन हवा दाबतो आणि ती हवा ठोका मारते. माणसानं फक्त धरायचं. विटेला थरथर पुरते, काँक्रीटला ठोकाच लागतो.

गल्लीत एका घराचा स्लॅब चालू होता. तिथल्या मिस्त्रीला विचारलं. तो मशीन घेऊन आला, वायर लावली, मोजून आठ-दहा सेकंदांत भोक. पैसे घेतले नाहीत, चहा घेतला. माझं ड्रिल उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाला, पडदे लावायले चांगलं आहे.

दांडा पक्का बसलाय. मी लटकून पाहिलं. आई सध्या त्यावर टॉवेल वाळत घालते.