घोडा का अडला?

आचऱ्याच्या शाळेत गुरुजी आम्हांला एक जुने कोडे घालीत : पान का सडले, भाकरी का करपली, घोडा का अडला? तिन्ही प्रश्नांना उत्तर एकच – न फिरविल्यामुळे. पाने आम्ही घरोघर पाहत असू. भाकरी तर दोन वेळा ताटातच असे. घोडा मात्र आमच्यापैकी एकानेही जवळून पाहिलेला नव्हता. गावात बैल होते, रेडे होते, खाडीत होड्या होत्या; घोडा होता तो इतिहासाच्या पुस्तकातल्या चित्रात. एकदा मागच्या बाकावरचा एक पोरगा उठून म्हणाला, "गुरुजी, घोडो हाडलो तरी ह्या चिखलात तो अडतलोच!" वर्ग हसला, गुरुजीही हसले. पुढे तीस वर्षे मुलांना इतिहास शिकवून मी निवृत्त झालो, तेव्हा कुठे ध्यानात आले, की त्या पोराने कोकणातल्या घोडदळाची सगळी अडचण एका वाक्यात सांगून टाकली होती.

हे कोडे पुन्हा आठवले ते माझ्या नातीमुळे. ती अमेरिकेत व्हर्जिनियात राहते. मराठी बोलते, पण शब्द जरा चाचपडत; अंधारात चपला शोधाव्यात तसे. तिला घोड्यांचे वेड. गेल्या वर्षी नवरात्रात फोनच्या पडद्यावर ती दिसली तेव्हा तिच्या मागे तबेला होता, आणि एक तपकिरी घोडी तिच्या खांद्यावरून आमच्याकडे कुतूहलाने पाहत होती. दिवाळीच्या आठवड्यात त्या घोडीला एका स्पर्धेत उतरवायचे होते. प्रकाराचे नाव 'हंटर अंडर सॅडल'.

मला ते नाव कळेना, म्हणून तिने समजावून सांगितले. इंग्लंडात कोल्ह्याच्या शिकारीला जात, तेव्हा कुत्र्यांच्या मागे तासन्‌तास दौडणारा घोडा लागे. न थकणारा, न बिथरणारा, जमिनीलगत लांब टाप टाकणारा. त्या घोड्याचे गुण आता रिंगणात जोखतात. दहाबारा घोडी एकदम आत येतात. कठड्याच्या कडेने आधी कदम, मग दुडकी, मग संथ दौड; एका अंगाने झाले की उलट वळून पुन्हा तेच. उड्या नाहीत, कसरती नाहीत. परीक्षक स्वाराला नव्हे, घोड्याला पाहतो. चाल सारखी आहे का, लगाम सैल असताना घोडा शांत राहतो का, शेजारचे जनावर उधळले तरी हा आपल्या चालीवर टिकतो का, एवढेच.

"सोपं दिसतं ना, नाना?" ती म्हणाली. "पण तयारीला वर्ष लागतं." रोजचा खरारा, बेताची चंदी, ठरलेल्या मुदतीला नाल, लांब दोरीवर दोन्ही अंगांनी फिरविणे, आणि आदल्या रात्री आयाळीच्या बारीक बारीक वेण्या. हे सगळे सांगून झाल्यावर तिचा आवाज खाली आला. डाव्या अंगाने गोल फिरविताना घोडीचा मागचा पाय आखडत होता. लंगडणे नव्हे, नुसते आखडणे. तबेल्यातल्या कोणी तिला सुचविले होते, की त्या दिवशी सकाळी दुखणे दाबणारे औषध द्यावे. कोणाला कळणारही नाही.

"तुमच्या इतिहासातले लोक अशा वेळी काय करायचे?" तिने विचारले.

मी दोन दिवसांची मुदत मागितली आणि पुस्तके काढून बसलो.

पहिली गोष्ट ही, की घोडा 'दाखविणे' आपल्याला नवे नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अश्वाध्यक्ष नावाचा अधिकारी आहे. त्याने प्रत्येक घोड्याचे कुळ, वय, रंग, खुणा वहीत लिहावयाच्या. त्याच ठिकाणी स्वारीच्या घोड्याच्या चालींची नावे आहेत आणि युद्धाच्या घोड्याचे शिक्षण वेगळे सांगितले आहे. अमरकोशात घोड्याच्या पाच गती आहेत : आस्कन्दित, धौरितक, रेचित, वल्गित, प्लुत. शालिहोत्राचे नाव तर अश्ववैद्यकाशी असे जडले, की उत्तरेत घोड्यांच्या वैद्याला लोक सालोत्रीच म्हणू लागले. माझ्या नातीचा परीक्षक जे डोळ्यांनी मोजतो, त्याला आपल्याकडे नावे देऊन ठेवण्याची रीत फार जुनी आहे.

दुसरी गोष्ट तितकीशी अभिमानाची नाही. जिथे घोडा दाखवायचा, तिथे फसविण्याची विद्याही आलीच. सरकार स्वाराला पगार देई तो घोड्यासकट. मग हजेरीच्या दिवशी कोणाचा तरी चांगला घोडा मागून आणावा, मोजणी उरकली की परत करावा, आणि वर्षभर घरच्या मरतुकड्या तट्टावर भागवावे! अल्लाउद्दीन खिलजीने यावर घोड्यांना डाग देण्याचा उपाय केला. सोळाव्या शतकात अकबराने तो पुन्हा चालू केला आणि स्वाराच्या चेहऱ्याचे वर्णनही दप्तरात लिहविले. तरीही लबाडी थांबली नाही. मोजणीपुरते घोडे आणि स्वार गोळा करणाऱ्या सरदारांविषयी अकबराच्या पदरच्या बदाऊनीने तक्रार करून ठेवली आहे. डाग घोड्याच्या अंगावर उमटतो. मालकाच्या नियतीवर तो कसा उमटवावा?

शिवाजी महाराजांनी या प्रश्नाला वेगळ्या अंगाने हात घातला. त्यांच्या घोडदळात दोन प्रकारचे स्वार होते. शिलेदार स्वतःचा घोडा नि हत्यार घेऊन येई. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे. शिलेदाराचा घोडा हीच त्याची सारी पुंजी. तो मेला की चूल विझली, म्हणून ऐन लढाईत त्याचे अर्धे लक्ष घोडा वाचविण्याकडे जावे, यात नवल नाही. सभासदाची बखर सांगते, की महाराजांनी पागेचे बळ वाढविले आणि शिलेदारांना पागेच्या हुकमतीखाली ठेवले. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांचा एक जुमला, दहा जुमल्यांचा एक हजारी. आणि याच हिशेबात सभासद आणखी दोन माणसे मोजतो, जी आपण वाचताना सहज ओलांडून जातो : दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. एक पाणी पुरविणारा, एक खूर सांभाळणारा.

या नालबंदाची किंमत कळायला चारशे वर्षे मागे जावे लागते. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलो दक्षिणेतल्या पूर्व किनाऱ्यावर आला होता. अरबस्तान-इराणकडून तिथे गलबते भरभरून घोडे येत आणि राजे त्यांच्यावर अलोट पैसा ओतीत. तरी त्यातले बहुतेक वर्षाच्या आत मरत. कारण त्याने स्पष्ट लिहिले आहे : निगा कशी राखावी हे तिथे कोणास ठाऊक नव्हते आणि नाल ठोकणारा माणूस नव्हता. घोडा विकत मिळे. घोड्याची काळजी विकत मिळत नसे.

आणि कोकणात तर काळजीच काळजी. आमच्या पावसात खूर भिजून मऊ पडतो, नालाचे खिळे ढिले होतात, गवत कुजते, माशा जनावराला उभे राहू देत नाहीत. म्हणून १६७३-७४ च्या सुमाराचे महाराजांचे एक पत्र मला फार मोलाचे वाटते. त्या वेळी घोडदळाची छावणी चिपळूणजवळ दळवटण्याला पडली होती. पावसाळा तोंडावर होता. महाराजांनी तिथल्या जुमलेदार-हवालदारांना आणि कारकुनांना पत्र धाडले. त्यात शौर्याची भाषा नाही, शत्रूवर चाल करून जाण्याचा हुकूम नाही. आहे तो दाण्यागवताचा हिशेब. साठविलेली वैरण आत्ताच उधळली, तर ऐन पावसात मिळणार नाही. मग घोडी मरू लागतील, आणि ती तुम्हीच मारली असे होईल. उणे पडले म्हणून रयतेच्या घरात शिराल, तर लोकांना मोगल बरे वाटू लागतील. कोणी वैरणीजवळ चूल पेटवील, कोणी तंबाखू ओढील, कोणी दिवा जळता ठेवून झोपेल आणि उंदीर जळती वात पळवून नेईल. गवताला आग लागली, की पागा गेली.

उंदराने पळविलेली वात! राज्याभिषेकाच्या आगेमागे, डोक्यावर हजार व्यवधाने असताना, हा राजा कोकणातल्या एका पागेत रात्री उंदीर कुठून धावेल याचा विचार करीत होता. दसऱ्याला सीमोल्लंघन करणाऱ्या घोडदळाचा रुबाब आपल्याला चित्रात दिसतो. तो रुबाब तयार होई तो ज्येष्ठापासून भाद्रपदापर्यंत, गळक्या छपराखाली, मोजून घातलेल्या चंदीवर. आश्विनात घोडा जे दाखवी, ते आषाढात झालेले असे.

मग माझे लक्ष एका शब्दावर गेले. घोड्याला दोरीवर धरून गोल फिरविण्याला मराठीत 'कावा' म्हणतात. चाबुकस्वार नवे जनावर काव्यावर धरी, आधी एका अंगाने, मग दुसऱ्या. आपण हा शब्द आता फक्त 'गनिमी कावा' म्हणून ओळखतो आणि त्याचा अर्थ कपट असा करतो. पण चाबुकस्वाराच्या काव्यात कपट चालत नाही. घोड्याचे जे अंग दुखते, ते काव्यावर लपत नाही. सरळ रस्त्यावर धड दिसणारा पाय वर्तुळात बोलू लागतो. शत्रूला चकविणारा कावा वेगळा आणि आपल्या जनावरासमोर धरलेला कावा वेगळा. दुसऱ्यात पहिला मिसळला, की अकबराच्या हजेरीतला मागून आणलेला घोडा आणि औषध देऊन उभी केलेली घोडी यांत फरक उरत नाही.

दोन दिवसांनी मी नातीला हे सारे सांगितले. उपदेश टाळला, असे मला वाटते. पण म्हाताऱ्या मास्तराचा काय भरवसा! तिने मधे एकदाही अडविले नाही. उंदराच्या गोष्टीला मात्र ती खुदकन हसली आणि मागे वळून तबेल्यातल्या दिव्याकडे पाहिले.

मग म्हणाली, "नाना, गावपळण आठवते मला."

वाचकांपैकी ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आमचे आचरे हे रामेश्वराचे इनाम गाव. कोल्हापूरच्या छत्रपतींनी देवाला दिलेले. दर तीन-चार वर्षांनी देवाचा कौल घेऊन सारा गाव तीन दिवस वेशीबाहेर जातो. माणसे, गुरे, कोंबड्या, कुत्री, सगळी. वेशीपलीकडे झोपड्या उभ्या राहतात, तिथेच चुली पेटतात, रात्री भजने रंगतात. मागे गावात मनुष्याचा आवाज उरत नाही. माझी नात सहा वर्षांची असताना एकदा नाताळच्या सुटीत आली आणि या गावपळणीत सापडली. आपल्या घराला कुलूप लावून आपण रानात का झोपायचे, हे तिला काही केल्या पटेना. तेव्हा तिच्या आजीने सांगितले होते, "गावालाही विसावा लागतो गं."

"तर माझ्या घोडीची आता गावपळण," ती म्हणाली. "वैद्य येऊन पाहील. तोवर खोगीर नाही, रिंगण नाही. स्पर्धेचे पैसे परत मिळणार नाहीत. आणि पुढच्या वर्षी मी मोठ्या गटात जाईन. या गटात उतरायची ही शेवटचीच वेळ होती." एवढे बोलून ती गप्प झाली. तिच्या डोळ्यांत पाणी होते. पडद्यावर हात फिरवून ते पुसता येत नाही, हे दूरदेशी नातवंडे असणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

गेल्या वर्षी लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आम्ही अंगणात पणत्या लावीत होतो, तेव्हा तिने एक छायाचित्र पाठविले. कुरणात घोडी मोकळी उभी आहे. आयाळीला वेण्या नाहीत, पाठीवर खोगीर नाही, पोटाला वाळले गवत चिकटले आहे. मी ते शेजारच्या दादांना दाखविले. मागच्या बाकावरचा तो पोरगा म्हणजे हेच. आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांनी चष्मा वर सरकवून बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "बरो आसा घोडो. पण उबो कित्याक?"

मी म्हटले, "ह्या खेपेक तेका फिरवूक नाय, म्हणान."