मुलांना घरीच शिवणकाम शिकवायचंय? ऑनलाइन व्हिडिओ कुठे पुरतात आणि कुठे मोठ्यांनी शेजारी बसायला हवं?

रत्नागिरीत वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. या दिवसांत मुलं घरात, हातात मोबाइल आणि कोपऱ्यात आई-आजीचं शिलाई मशीन, असं चित्र अनेक घरांत असतं. शिवणकामाचे मराठी-हिंदी व्हिडिओ यूट्यूबवर भरपूर आहेत. पण ते लावून दिले की मूल शिवायला शिकतं का?

व्हिडिओतून काय शिकता येतं?

कामाचा क्रम. सुई ओवणं, गाठ मारणं, मशीनमध्ये दोरा कुठून कुठे न्यायचा, बॉबिन कशी भरायची, हे व्हिडिओत चांगलं कळतं. वेग अर्धा करता येतो, पुन्हा पुन्हा पाहता येतं.

दोरा किती ओढायचा, हे मात्र स्क्रीनवरून कळत नाही. जास्त ओढला की कापडाला चुण्या पडतात, ढिला राहिला तर टाके लोंबतात. चूक कुठे होतेय, हे व्हिडिओ मुलाला सांगू शकत नाही. त्यामुळे सुरुवातीला मोठ्या माणसाने शेजारी बसायलाच हवं. त्यासाठी उत्तम शिवता येण्याची गरज नाही. बटण लावता येत असेल तरी पुरे.

मूल डावखुरं असेल, तर मोबाइलसमोर आरसा धरून आरशातलं चित्र पाहायला सांगा. हातांची दिशा बरोबर जुळते.

कोणत्या वयात काय?

प्रत्येक मूल वेगळं असतं, पण साधारण अंदाज असा:

५-६ वर्षं: जाड पुठ्ठ्याला भोकं पाडून त्यातून बुटाची नाडी ओवणं.

७-८ वर्षं: बोथट टोकाची मोठी सुई, लोकर आणि गोणपाटाचा तुकडा. त्यावर धावदोरा.

९-१० वर्षं: साधी सुई, बटण लावणं, उसवलेली शिवण सांधणं, तुरपाई.

११-१२ वर्षांपासून: मोठ्यांच्या देखरेखीत मशीन.

सुया मोजून द्या आणि उठताना मोजून परत घ्या. लहान भावंडं असलेल्या घरात हा नियम मोडू नका.

पहिली वस्तू कोणती?

बाहुलीची गोधडी. जुन्या सुती साडीचे दोन-तीन थर आणि त्यावर फक्त धावदोरा. एकच टाका शेकडो वेळा घातला जातो, हात बसतो आणि टाका वाकडा गेला तरी बिघडत नाही. त्यानंतर सरळ शिवणींची कापडी पिशवी.

मशीनवर सुरुवात कशी करायची?

आधी दोरा न ओवता. वहीच्या रेघी कागदावर, रेघेवरून सुई चालवायची. भोकं रेघेवर पडू लागली की मांजरपाट घ्या. अशा मध्यम सुती कापडाला १४ नंबरची सुई चालते. पायमशीनचं चाक उलटं फिरलं की दोरा गुंततो, म्हणून पायाची लय आधी येऊ द्या. मशीन विजेवर चालणारं असेल, तर सुई ओवताना बटण बंद हवं.

कोकणात वेगळी काळजी काय?

दमट हवेत सुया गंजतात आणि गंजलेली सुई कापड ओढते. त्या घट्ट झाकणाच्या डबीत ठेवा, मशीन पुसून तेल घाला. डोंगराळ वाड्यांमध्ये नेटवर्क जातं, म्हणून व्हिडिओ आधीच डाउनलोड करा. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगडातल्या अनेक गावांत बरेच दिवस वीज नव्हती आणि तेव्हा शाळाही मोबाइलवरच होती. पायमशीन मात्र विजेविना चालतं.

हे फक्त मुलींसाठी आहे का?

नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी मांडलेल्या नई तालीममध्ये हस्तोद्योग मुलगे-मुली दोघांसाठी होता. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या सर्व विद्यार्थ्यांसाठी स्थानिक कारागिरांकडून शिकण्याचे १० दप्तरमुक्त दिवस सुचवले आहेत. पुढे शिकायचं असेल, तर आयटीआयमध्ये शिवणकामाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे.

आणि यातलं काही झालं नाही, तरी गणवेशाचं तुटलेलं बटण लावायला मुलाला कुणाची वाट पाहावी लागणार नाही.