ॲपच्या कमाईतून गुगल-ॲपल किती कापतं? बारामती-इंदापूरच्या डेव्हलपरसाठी कामाची माहिती

बारामती : बारामती किंवा इंदापुरात बसून स्वतःचं ॲप विकायचं म्हटलं, की पहिला प्रश्न येतो कमिशनचा. खातं उघडायला गुगल प्ले एकदाच २५ डॉलर घेतं, ॲपल दरवर्षी ९९ डॉलर. खरी कात्री लागते ती पुढच्या विक्रीला.

पूर्वी दोन्हीकडे साधारणपणे ३० टक्के जायचे. ॲपलने जानेवारी २०२१ पासून, तर गुगलने १ जुलै २०२१ पासून छोट्यांसाठी हा दर १५ टक्क्यांवर आणला. मर्यादा वर्षाला १० लाख डॉलर, म्हणजे आठ-नऊ कोटी रुपये. तालुक्यातला एकटा डेव्हलपर त्यातच बसतो. मात्र ही सवलत आपोआप मिळेलच असं नाही. ॲपलकडे अर्ज करावा लागतो, गुगलच्या कन्सोलमध्येही आपल्या खात्यांची माहिती भरावी लागते. हे राहून गेलं तर सवलत हातची जाते.

कमिशन लागतं फक्त डिजिटल मालावर. दूध, खतं, ट्रॅक्टरचं भाडं ॲपवरून घेतलं तर काही द्यावं लागत नाही. पण एमपीएससीची टेस्ट सिरीज किंवा दूध संकलनाच्या हिशेबाचं पैसे भरून मिळणारं व्हर्जन ॲपमध्ये विकलं, की कमिशन आलंच.

५०० रुपयांच्या टेस्ट सिरीजचा हिशेब बघा. ३० टक्क्यांनी हातात ३५० रुपये राहायचे, १५ टक्क्यांनी ४२५ राहतात. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये प्लेच्या पेमेंट सक्तीवरून गुगलला ९३६ कोटींचा दंड केला (मार्च २०२५ मध्ये अपिलात तो सुमारे २१६ कोटींवर आला). त्यानंतर गुगलने दुसऱ्या पेमेंट पर्यायाची मुभा दिली. तिकडून पैसे घेतले तर कमिशन ४ टक्क्यांनी कमी, म्हणजे ११ टक्के. ऐकायला बरं वाटतं. पण पेमेंट गेटवेने दोन टक्के घेतले, तर ५०० मागे वाचतात जेमतेम १० रुपये. तेवढ्यासाठी वेगळी जोडणी करायची का, हे ज्यानं-त्यानं ठरवावं.

कमिशन न भरण्याची जोखीम मात्र मोठी आहे. १ मार्च २०२४ ला गुगलने शादी डॉट कॉम, नोकरी यांसारखी नामांकित भारतीय ॲप प्लेवरून काढली होती. केंद्र सरकार मध्ये पडल्यावर ती काही दिवसांत परत आली. गावाकडच्या एकट्या डेव्हलपरसाठी मंत्री फोन करतील, ही आशा नकोच.

दर बदलत असतात, त्यामुळे ॲपची किंमत ठरवण्याआधी कन्सोलमधला त्या दिवशीचा दर पाहून घ्यावा.