अनडिफाइन्ड मूल्याची तपासणी : जावास्क्रिप्टच्या युनिट टेस्टमध्ये

जावास्क्रिप्ट या संगणकभाषेत ज्या चलाला अद्याप मूल्य दिलेले नाही, ज्या ऑब्जेक्टमध्ये मागितलेली की मुळातच नाही, किंवा ज्या फंक्शनने काहीही परत केलेले नाही, अशा तिन्ही प्रसंगी जे हाती येते ते 'अनडिफाइन्ड' हे मूल्य. आणि प्रोग्रॅमच्या एकेका लहान घटकाची स्वतंत्र परीक्षा घेणाऱ्या युनिट टेस्टमध्ये ते अपेक्षेप्रमाणे आले की अनवधानाने शिरले, याचा निवाडा करणे म्हणजे प्रस्तुत तपासणी होय. ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली नेटस्केप कंपनीत रचलेल्या या भाषेत 'नल' हे अभावाचे दुसरेही मूल्य आहे, आणि तपासणीतील बहुतेक घोटाळे या दुहेरी व्यवस्थेतून उद्भवतात.

सांगली जिल्ह्यातील कवठे महांकाळ हा अग्रणी नदीच्या खोऱ्यातील अवर्षणप्रवण तालुका. तेथील कुची, ढालगाव, देशिंग अशा गावांच्या पर्जन्यनोंदींची सरासरी काढणारे फंक्शन तपासावयाचे आहे, असे उदाहरणादाखल समजू. शून्य मिलिमीटर ही रीतसर नोंद आहे; नल हा माहिती उपलब्ध नसल्याचा कोणीतरी जाणून मारलेला शेरा आहे; अनडिफाइन्ड म्हणजे रकाना कोरा, आणि तो कोरा का, याचा कोठेही दाखला नाही. बेरजेत नलची गणना शून्य अशी होते व सरासरी कोणाच्याही ध्यानात न येता खाली घसरते. उलट अनडिफाइन्ड मिळविताच साऱ्या बेरजेचा 'नॅन', म्हणजे 'ही संख्याच नव्हे', असा निकाल लागतो. जेथे पैसेवारीच्या जोडीला पावसाच्या आकड्यांवरही दुष्काळी सवलतींचा विचार होतो, तेथे पहिला प्रकार अधिक घातक म्हटला पाहिजे. नॅन निदान डोळ्यांत खुपतो.

दोन बरोबर-चिन्हांची तुलना अनडिफाइन्ड आणि नल यांना समान लेखते, तीन चिन्हांची लेखीत नाही. सबब टेस्टमध्ये तीन चिन्हांचाच अवलंब करावा. जेस्ट या प्रचलित साधनात याच कामी 'टूबीअनडिफाइन्ड' आहे. त्याचे उलट रूप 'टूबीडिफाइन्ड' मात्र नावावरून वाटते तितके भरवशाचे नाही, कारण ते नललाही मुकाट्याने मंजुरी देते. 'टूइक्वल'ला अनडिफाइन्ड मूल्याची की आणि नसलेली की सारखीच. तो भेद 'टूस्ट्रिक्टइक्वल' पाळते. चाय या लायब्ररीत 'अनडिफाइन्ड' ही तपासणी कंसाविना लिहावयाची असल्याने तिचे स्पेलिंग चुकल्यास पूर्वी तपासणीच होत नसे आणि टेस्ट उत्तीर्ण दिसे. २०१७ च्या चौथ्या आवृत्तीपासून अशी चूक सहसा एरर देते.

साधने कितीही सुधारली तरी एक अडचण उरतेच. जावास्क्रिप्टमध्ये देवनागरी नावेही चालतात. ऑब्जेक्टमध्ये 'पाऊस' अशी की असताना टेस्ट लिहिणाऱ्याने ऱ्हस्व उकाराने 'पाउस' लिहिले, तर भाषा तक्रार करीत नाही, अनडिफाइन्ड देऊन मोकळी होते, आणि नोंद कोरी असल्याची अपेक्षा धरणारी टेस्ट हिरवी होते, मग ढालगावच्या रकान्यात बावीस मिलिमीटर का असेनात. (शुद्धलेखनाचा आग्रह धरणाऱ्या मास्तरांना एवढा भक्कम साक्षीदार क्वचितच मिळाला असेल.) म्हणून अनडिफाइन्ड आले, एवढाच पुरावा ग्राह्य धरू नये. की अस्तित्वात आहे की नाही, हे २०२२ च्या भाषाप्रमाणात दाखल झालेल्या 'ऑब्जेक्ट.हॅजओन'ने आधी ठरवावे, मग मूल्य पाहावे, आणि शेजारीच भरलेल्या नोंदीची, बावीसच आले पाहिजेत अशी, दुसरी टेस्ट ठेवावी. नावातील चूक तेथे उघडी पडते.

जेसन या माहिती पाठविण्याच्या मजकूर-स्वरूपात रूपांतर होताना ऑब्जेक्टमधील अनडिफाइन्ड मूल्याची की गळून जाते, तर अ‍ॅरेतील अनडिफाइन्डचा नल होतो. ज्या नोंदी सर्व्हरकडे रवाना व्हावयाच्या, त्यांची टेस्ट रूपांतरानंतरच्या मजकुरावरही घेणे म्हणूनच इष्ट. एरवी टेस्टमध्ये नॅन होऊन खुपणारा तोच कोरा रकाना प्रत्यक्ष बेरजेत शून्य म्हणून बिनबोभाट जमा होतो.