अल्पमुदतीची कोबोल

माणूस बँकेत कारकून असला, की आयुष्यातल्या सगळ्याच गुंतवणुकी त्याला कळतात, असा लोकांचा समज असतो. त्यामुळे हल्ली सोसायटीतली मुलं मला विचारतात, "काका, प्रोग्रॅमिंगची कुठली भाषा शिकली तर निवृत्तीपर्यंत पुरेल?" मी पडलो कॉमर्सवाला. त्या भाषांपैकी एकीचंच कूळ मला ठाऊक आहे, कारण ती आमच्याच धंद्यातली. कोबोल.

हिचा जन्म १९५९ चा. त्या काळी यंत्र बदललं की प्रोग्रॅम पहिल्यापासून लिहायचा. म्हणजे नवा मॅनेजर आला म्हणून सगळी लेजरं नव्याने उतरवून काढण्यापैकीच! तेव्हा मे महिन्यात पेंटॅगॉनमध्ये बैठक भरली आणि बैठकीतून जे निघतं तेच निघालं : समित्या. एक अल्पमुदतीची, एक मध्यम मुदतीची, एक दीर्घ मुदतीची. अल्पमुदतवाल्यांनी काही महिन्यांत तात्पुरती सोय म्हणून एक भाषा द्यायची, पुढचं दीर्घ मुदतवाले पाहतील, असं ठरलं. दीर्घ मुदतीची समिती कधी स्थापनच झाली नाही. तात्पुरती सोय मात्र अजून चालू आहे. (आमच्या शाखेतल्या पत्र्याच्या सायकल स्टँडचीही हीच कथा.)

समितीचं काम इतकं रेंगाळलं, की हॉवर्ड ब्रॉमबर्ग नावाच्या सदस्याने वैतागून चक्क थडग्याचा दगड विकत घेतला, त्यावर 'कोबोल' असं कोरून घेतलं आणि पेंटॅगॉनमधल्या चार्ल्स फिलिप्स साहेबांना पाठवून दिला. बाळाचं बारसं व्हायच्या आत तेरावं उरकण्याचा हा प्रकार!

ग्रेस हॉपर बाईंनी आधी दाखवून दिलं होतं, की यंत्राला साध्या इंग्रजी शब्दांत हुकूम देता येतो. कोबोलने तोच कित्ता गिरवला. मिळवा, वजा करा, हलवा, वाक्य संपलं की पूर्णविराम. शिवाय काम सुरू करण्याआधी चार विभाग : ओळख, परिसर, माहिती, कार्यपद्धती. कारकुनाचं काळीज सुपाएवढं व्हावं अशी ही रचना. पंडितांना मात्र ती पसंत पडली नाही. डाइक्स्ट्रा नावाच्या डच विद्वानाने १९७५ साली लिहिलं, की ही भाषा शिकवणं हा गुन्हाच मानायला हवा. त्याच्या आधी आयबीएमने पीएल-वन नावाची सवत आणून पाहिली. सवत मागे पडली.

असं का व्हावं? गुणांत म्हणाल, तर हिचा हिशेब दशांशात चालतो, आपण कागदावर मांडतो तसा. पुष्कळ भाषांच्या नेहमीच्या द्विमान अपूर्णांकांत दहा पैसेसुद्धा नेमके बसत नाहीत. पण खरं कारण माझ्या मते वेगळं आहे. लोकांच्या ठेवी आणि पेन्शनी एकदा हिच्यात लिहिल्या गेल्या. पन्नास वर्षांची जुळलेली बाकी उचलून दुसऱ्या वहीत न्यायला कुठला शहाणा सही देईल?

पण भाषा टिकली म्हणून ती लिहिणाराही टिकतो, असं नाही. जागा वाचवायला सालाचे दोनच आकडे लिहायची जुनी काटकसर १९९९ च्या सुमाराला अंगाशी आली, आणि कोबोल येणाऱ्याला एकदम सोन्याचा भाव आला. मी तेव्हा बी.कॉम.ला. आमच्या गल्लीतला एक वनस्पतिशास्त्राचा पदवीधर तीन महिन्यांचा क्लास करून विमानात बसला. १ जानेवारी २००० उजाडला, दिवे गेले नाहीत, विमानं पडली नाहीत. दुरुस्तीचं ते काम मात्र संपलं. हा गडी दोन वर्षांत परत आला आणि जावा शिकायला नव्या क्लासला बसला. भाषा जिवंत होती, पगार थांबला होता.

पुढे २०२० च्या एप्रिलमध्ये करोनामुळे बेकारभत्त्याच्या अर्जांचा ढीग पडला, तेव्हा न्यू जर्सीच्या गव्हर्नरांनी जाहीर आवाहन केलं : कोबोल येणारे हवे आहेत. मी बातमी दोनदा वाचली. त्यांनी मागितले होते स्वयंसेवक.