केदारची वाट: १५ ते १७ जून २०१३

१५ जून, संध्याकाळी ५
चोराबारी हिमनदीपाशी डेहराडूनच्या वाडिया संस्थेचं पर्जन्यमापक आहे. पावसाने जोर धरलाय. दोन किलोमीटर खाली केदारनाथ, आणि यात्रा ऐन भरात. गौरीकुंडाहून वर येणारी वाट १४ किलोमीटरची. निम्म्यावर रामबाडा: चहाची दुकानं, ढाबे, खेचरांच्या रांगा, डोलीवाले. वाट जवळजवळ सगळी मंदाकिनीच्या काठाकाठाने जाते. पुढे सगळं अडलं ते इथेच.

१६ जून, पहाटे ५
बारा तासांत २१० मिलिमीटर. कोकणातल्या माणसाला हा आकडा ऐकून घाम फुटणार नाही. पण इथे डोंगराच्या अंगावर हिमनदीने आणून टाकलेला सुटा दगडगोटा आहे, आणि वर जूनचं वितळतं बर्फ. याच दिवशी मॉन्सूनने सारा देश व्यापला; तेव्हाच्या सरासरीप्रमाणे एरवी त्याला १५ जुलै उजाडायचा.

१६ जून, दिवसभर
आणखी ११५ मिलिमीटर. चोवीस तासांचे झाले ३२५. मापक संशोधनासाठी होतं, इशारा देण्यासाठी नव्हतं, त्यामुळे खाली खोल्या शोधत फिरणाऱ्यांना या आकड्यांचा पत्ता असण्याचं कारणच नव्हतं.

वरचं चोराबारी ताल भरत चाललं होतं. १९४८ मध्ये गांधीजींच्या अस्थी इथे विसर्जित केल्या, म्हणून हेच गांधी सरोवर. सुमारे ४०० मीटर लांब, २०० रुंद. पाणी बाहेर पडायला तोंड नाही. तळाच्या दगडगोट्यांतून झिरपेल तेवढंच. आणि बांध म्हणजे तोच सुटा गाळ.

संध्याकाळी ५.१५
सरस्वती आणि दूधगंगा या नद्या फुगल्या. चिखल-धोंड्यांचा लोंढा केदारनाथच्या वरच्या अंगाला शिरला. शंकराचार्यांची समाधी गेली, जलनिगमचं अतिथिगृह गेलं, भारत सेवाश्रम संघाची इमारत गेली.

रात्र
उतरायचं कुठून? नदीकाठची वाट नदीनेच घेतलेली. लोक मंदिरात, इमारतींच्या वरच्या मजल्यांवर, कुणी अंधारात डोंगर चढून गेलेले.

१७ जून, सकाळी ६.४५
तालाचा बांध फुटला. पाच-दहा मिनिटांत ताल रिकामं. मंदिरामागे एक प्रचंड शिळा येऊन अडकली, लोंढा दुभंगला, मंदिर राहिलं. भोवतालचं गाव राहिलं नाही. खाली रामबाडा समूळ गेला. दुकानं कुठे होती हे दाखवायलाही जागा उरली नाही. साऱ्या उत्तराखंडात मृत आणि बेपत्ता मिळून पाच हजारांहून अधिक.

त्यानंतर
कर्नल अजय कोठियाल यांच्या नेतृत्वाखाली उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेने वाट पुन्हा बांधली, तीही हिमवर्षावात. ४ मे २०१४ ला मंदिराची दारं उघडली. नवी वाट रामबाड्याला पुलावरून पलीकडच्या काठाला जाते आणि लिंचोलीमार्गे चढते. १६ किलोमीटर, आधीपेक्षा खडी. काम थक्क करणारं होतं, यात वाद नाही. पण काठ बदलला तरी नदी ओलांडायची जागा रामबाडाच ठरली.

३१ जुलै २०२४, रात्र
याच पट्ट्यात पुन्हा ढगफुटीसारखा पाऊस. वाट अनेक ठिकाणी तुटली, रामबाड्याजवळचे दोन पूल वाहून गेले. हजारो यात्रेकरूंना काही हेलिकॉप्टरने, काही दोर धरून पायी, असं खाली आणावं लागलं.